गोव्यातील छोट्या व्यवसायांसाठी ऑनलाइन कार्ड पेमेंट : कागदपत्रांपासून हिशेब जुळवण्यापर्यंत

चतुर्थीला गावी आलेला मुंबईकर परत गेल्यावर फोन करतो, आणखी दोन किलो काजूगर आणि कोकम आगळाच्या चार बाटल्या पाठवून द्या म्हणतो आणि शेवटी विचारतो, ‘‘कार्डाने पैसे भरायची सोय आहे का?’’ फोंडा, डिचोली, साखळी, पेडणे या भागातल्या अनेक दुकानदारांना हा प्रश्न ओळखीचा असेल. गल्ल्यावर क्यूआर कोड असतो, यूपीआयने पैसेही येतात. पण रक्कम मोठी असली, खरेदी कंपनीच्या कार्डावर करायची असली, होमस्टेचे आगाऊ आरक्षण असले किंवा पाहुणा परदेशी असला, की कार्डाशिवाय भागत नाही. आमच्या घरच्या काजू-कोकमाच्या व्यवसायात ही सोय उभी करताना आणि पुढे ओळखीच्या दोन होमस्टेवाल्यांना मदत करताना जे पदरात पडले, ते या लेखात क्रमाने मांडले आहे. पेमेंटचे बटण बसवायला तासभरही लागत नाही. अडचणी येतात त्या कागदांवरच्या न जुळणाऱ्या नावांमुळे, न लिहिलेल्या अटींमुळे आणि जपून न ठेवलेल्या पावत्यांमुळे. म्हणून या तीन गोष्टींवर येथे जास्त भर दिला आहे.

पैसा कोणत्या वाटेने येतो

ग्राहकाने कार्डाचा क्रमांक टाकला की ती विनंती प्रथम पेमेंट ऍग्रीगेटरकडे, म्हणजे दुकानदाराच्या वतीने ग्राहकांचे पैसे स्वीकारून पुढे त्याला देणाऱ्या कंपनीकडे, जाते. तेथून ती आपल्या बाजूच्या बँकेमार्फत व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांपैकी ज्या जाळ्याचे कार्ड असेल त्या जाळ्यात शिरते आणि शेवटी ग्राहकाला कार्ड देणाऱ्या बँकेपर्यंत पोहोचते. ती बँक ग्राहकाच्या मोबाइलवर ओटीपी पाठवते, तो बरोबर आला की मंजुरी देते आणि हाच निरोप उलट्या वाटेने आपल्यापर्यंत येतो. मात्र मंजुरी आली म्हणजे पैसे आपल्या खात्यात आले असे होत नाही. ऍग्रीगेटर ती रक्कम बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात (दुसऱ्यांचे पैसे तात्पुरते राखून ठेवण्याच्या खात्यात) ठेवतो आणि साधारणपणे एक-दोन कामकाजाच्या दिवसांनी, आपले शुल्क कापून, आपल्या चालू खात्यात जमा करतो.

छोट्या व्यावसायिकाने थेट बँकेशी करार करण्यापेक्षा ऍग्रीगेटरकडे जाणे सोयीचे पडते. रेझरपे, कॅशफ्री, पेयू, सीसीअव्हेन्यू ही त्यांतली परिचित नावे आहेत. रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी ऍग्रीगेटरसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि बँकेतर कंपन्यांना तिची परवानगी घेणे बंधनकारक केले. परवानगी असलेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहायला मिळते. कोणी दुकानात येऊन फार कमी दरात गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची यंत्रणा, देऊ केला, तर अर्ज भरण्याआधी त्या कंपनीचे नाव यादीत आहे का ते पाहावे.

येथेच आणखी एक नियम लक्षात ठेवावा. १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक स्वतःकडे साठवता येत नाही. त्याच्या जागी टोकन, म्हणजे खऱ्या क्रमांकाऐवजीचा सांकेतिक क्रमांक, वापरले जाते. किनाऱ्यावरच्या काही जुन्या अतिथिगृहांत अजूनही आरक्षणाच्या वहीत कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचा तीन आकडी सीव्हीव्ही लिहून घेण्याची सवय दिसते, काही जण तो व्हॉट्सॲपवर मागवतात. ही सवय आजच सोडावी. ग्राहकाला लिंक पाठवावी आणि कार्डाचा तपशील त्याने स्वतः ऍग्रीगेटरच्या पानावर भरावा, म्हणजे ती माहिती आपल्या हाताला लागतच नाही आणि ती सांभाळण्याची जोखीमही आपल्यावर येत नाही.

कागदपत्रे : सगळीकडे एकच नाव

अर्जासाठी साधारणपणे मालकाचा पॅन आणि आधार, व्यवसायाचा पुरावा, बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश आणि संकेतस्थळाचा किंवा समाजमाध्यमावरील पानाचा पत्ता लागतो. भागीदारी असेल तर भागीदारीपत्र आणि भागीदारी संस्थेचा पॅनही द्यावा लागतो. व्यवसायाचा पुरावा म्हणून पंचायत किंवा नगरपालिकेचा व्यापार परवाना, दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी, जीएसटी प्रमाणपत्र किंवा उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची केंद्र सरकारकडील नोंदणी) यांपैकी जे असेल ते चालते. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि सरकारी संकेतस्थळावर ती विनामूल्य होते. त्यासाठी पैसे मागणारी, सरकारी वाटावीत अशी संकेतस्थळे दिसतात, त्यांच्या नादी लागू नये. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्याकडे एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना असावा. होमस्टे चालवणाऱ्याने १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखालील पर्यटन खात्याचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे.

आपल्याकडच्या घरगुती व्यवसायांचे अर्ज सर्वांत जास्त कुठे अडकत असतील, तर ते नावात. पंचायतीचा परवाना वडिलांच्या नावावर, वीजबिल आजोबांच्या नावावर, उद्यम नोंदणी वहिनींच्या नावावर आणि बँक खाते धाकट्या भावाचे, अशी घरे मी पाहिली आहेत. घरच्या माणसांना यात काही वावगे वाटत नाही, कारण व्यवसाय सर्वांचा असतो. पण ऍग्रीगेटरच्या तपासणीत हे चार वेगळे लोक ठरतात आणि अर्ज परत येतो. म्हणून अर्ज करण्याआधी घरात बसून व्यवसायाचा मालक कागदोपत्री कोण हे ठरवावे, त्याच व्यक्तीच्या पॅनवर उद्यम नोंदणी करावी, शक्य असल्यास परवाना बदलून घ्यावा आणि व्यवसायाच्या नावाने चालू खाते उघडावे. जागा दुसऱ्याच्या नावावर असल्यास त्याचे ना हरकत पत्र सोबत लावावे. पॅनवरील नाव आणि बँक खात्यावरील नाव यांतील स्पेलिंगचा फरकही अडचणीचा ठरतो. नाईक आडनाव एके ठिकाणी एका स्पेलिंगने आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या स्पेलिंगने असेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्यावे.

जीएसटीबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. गोव्यात केवळ वस्तू विकणाऱ्याला वार्षिक ४० लाख रुपयांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाख रुपयांपर्यंत नोंदणी लागत नाही, हे खरे आहे. परंतु करपात्र वस्तू परराज्यात विकू लागल्यावर, हस्तकलेच्या काही वस्तूंना असलेली सवलत सोडता, उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी घ्यावी लागते. फोंड्याच्या दुकानातून पुण्याच्या किंवा बेळगावच्या ग्राहकाला काजू पाठवणे ही आंतरराज्य विक्रीच होय. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या ठोक दराच्या योजनेत) असलेल्याला अशी विक्री करता येत नाही. ऑनलाइन पैसे घेण्याची सोय झाली की परराज्यांतील मागणी येणारच, म्हणून हा विषय करसल्लागाराशी आधीच बोलून घ्यावा.

फेणी विकणाऱ्यांसाठी एक सूचना. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले तरी ती मद्यच आहे, आणि मद्य हे ऍग्रीगेटरच्या मनाई किंवा निर्बंधांच्या यादीत असते. काजूगर, आगळ, खाजे, बेबिंका यांच्यासाठी घेतलेल्या खात्यातून फेणीचे पैसे घेतल्यास संपूर्ण खाते गोठवले जाण्याचा धोका आहे.

लिंक, पान की दुकान

महिन्याला वीस-तीस मागण्या येत असतील, तर पेमेंट लिंक पुरेशी आहे. ऍग्रीगेटरच्या ॲपमध्ये रक्कम आणि ग्राहकाचा मोबाइल क्रमांक भरला की लिंक तयार होते आणि ती संदेशाने पाठवता येते. ठरावीक दराच्या वस्तू किंवा खोल्या असतील, तर ऍग्रीगेटरकडूनच तयार पेमेंट पान मिळते. मागण्या वाढल्यावर वूकॉमर्स किंवा शॉपिफायवर दुकान उभे करून त्यात गेटवे जोडावा. संगीताचे वर्ग किंवा डबे यांसारख्या मासिक वर्गणीसाठी आपोआप वजावट लावता येते. पहिल्या नोंदणीला ओटीपी लागतो, पुढे १५,००० रुपयांपर्यंतच्या वजावटीला लागत नाही, पण ग्राहकाला चोवीस तास आधी सूचना जाते. माझा सल्ला असा, की पहिले सहा महिने लिंकवरच काढावेत. त्या काळात ग्राहक काय विचारतात, कुठे अडतात हे कळते आणि पुढे संकेतस्थळावर काय लिहायचे ते आपोआप ठरते.

अटी लिहून ठेवणे

संकेतस्थळावर परतावा व रद्द करण्याच्या अटी, माल पाठवण्याची मुदत, गोपनीयतेचे धोरण आणि संपर्काचा खरा पत्ता व दूरध्वनी असल्याशिवाय ऍग्रीगेटर खाते सुरू करत नाहीत. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० यांच्या दृष्टीनेही ही माहिती आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव देणे आवश्यक आहे. बरेच जण ही पाने दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून जशीच्या तशी उचलतात. मग साखळीतल्या लोणच्याच्या दुकानाच्या अटींत ‘कपड्याचा साइज बदलून मिळेल’ असे वाक्य राहून जाते आणि पुढे वाद झाला की आपली म्हणून दाखवायला एकही अट उरत नाही. चार ओळी लिहाव्यात, पण त्या स्वतःच्या व्यवसायाच्या असाव्यात.

उदाहरणार्थ, मांद्रे येथील एखाद्या होमस्टेने असे लिहावे : ‘‘येण्याच्या तारखेच्या सात दिवस आधीपर्यंत आरक्षण रद्द केल्यास बँक शुल्क वजा करून पूर्ण रक्कम परत केली जाईल, त्यानंतर रद्द केल्यास एका रात्रीचे भाडे कापले जाईल. परतावा ज्या कार्डाने पैसे भरले त्याच कार्डावर केला जाईल.’’ काजूवाल्याने पाकीट उघडल्यावर माल परत घेतला जाणार नाही, पण खवट किंवा फुटका माल आल्यास अठ्ठेचाळीस तासांत छायाचित्र पाठवल्यास बदलून दिला जाईल, असे लिहावे. पैसे भरण्याआधी ग्राहक या अटींवर खूण करील अशी व्यवस्था ठेवावी आणि लिंकने व्यवहार करताना लिंकच्या संदेशातच त्या द्याव्यात.

खर्चाचा हिशेब

गेटवेचे शुल्क देशांतर्गत कार्डांवर साधारण २ टक्के आणि परदेशी कार्डांवर साधारण ३ टक्के किंवा अधिक असते, आणि २,००० रुपयांपेक्षा मोठ्या कार्ड व्यवहारांत त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. २,५०० रुपयांच्या मागणीवर २ टक्क्यांनी ५० रुपये आणि त्यावर ९ रुपये कर कापला जाऊन खात्यात २,४४१ रुपये येतात. परदेशी पाहुण्याने २०,००० रुपये भरले, तर ३ टक्क्यांनी ६०० आणि कर १०८, म्हणजे ७०८ रुपये जातात.

डेबिट कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून एमडीआरची, म्हणजे कार्ड व्यवहारासाठी व्यापाऱ्याकडून बँक घेते त्या शुल्काची, कमाल मर्यादा घातली आहे. मागील वर्षी २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला ऑनलाइन व्यवहारात जास्तीत जास्त ०.४० टक्के आणि त्याहून मोठ्या व्यापाऱ्याला ०.९० टक्के एमडीआर लावता येतो. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांच्यावर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर नाही. तरीही अनेक ऍग्रीगेटर सर्व कार्डांना एकच एकत्रित दर सांगतात; म्हणून दरपत्रक मागताना रुपे डेबिट, इतर डेबिट, क्रेडिट आणि परदेशी कार्ड यांचे दर वेगवेगळे लिहून मागावेत. डेबिट कार्डाच्या व्यवहारात एमडीआरचा भार ग्राहकावर टाकू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले आहे, त्यामुळे ‘कार्डाने घेतल्यास दोन टक्के जास्त’ ही पाटी काढून टाकावी आणि हा खर्च मूळ दरातच धरावा.

परताव्यात आणखी एक खर्च लपलेला असतो. आरक्षण रद्द होऊन पैसे परत केले, तरी मूळ व्यवहाराचे शुल्क बहुधा परत मिळत नाही. १२,००० रुपयांच्या आरक्षणावर ते २८३ रुपये २० पैसे होते. वरच्या नमुन्यात ‘बँक शुल्क वजा करून’ हे शब्द याच कारणाने घातले आहेत.

सुरू करण्याआधीची चाचणी

खाते मंजूर झाल्यावर आधी चाचणी पद्धतीत खोटे व्यवहार करून पाहावेत आणि मग स्वतःच्याच कार्डाने दहा रुपयांचा खरा व्यवहार करावा. तो करताना पुढील गोष्टी तपासाव्यात. मंजूर झालेली रक्कम आपोआप ‘कॅप्चर’, म्हणजे प्रत्यक्ष वसूल, होते का? हे काम हाताने करण्याच्या सेटिंगवर राहिले आणि आपण विसरलो, तर काही दिवसांनी पैसे ग्राहकाला परत जातात आणि माल मात्र निघून गेलेला असतो. ओटीपी टाकल्यावर इंटरनेट बंद केले तर काय होते, हेही पाहावे, कारण पावसाळ्यात वाळपई-सत्तरी भागात वीज आणि नेटवर्क जाणे नित्याचे आहे. अशा वेळी ग्राहकाचे पैसे कापले जातात पण दुकानाला निरोप पोहोचत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार असे ऑनलाइन कार्ड व्यवहार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप उलटवायचे असतात आणि उशीर झाल्यास ग्राहकाला रोजचे १०० रुपये द्यावे लागतात. घाबरून फोन करणाऱ्या ग्राहकाला हे शांतपणे सांगावे, दुसऱ्यांदा पैसे भरायला लावू नये आणि ऍग्रीगेटरच्या डॅशबोर्डवर (आपल्या खात्याच्या पानावर) व्यवहाराची स्थिती पाहूनच पुढचे पाऊल उचलावे. ग्राहकाने पाठवलेला स्क्रीनशॉट हा पैसे मिळाल्याचा पुरावा नसतो.

चाचणीतली सर्वांत महत्त्वाची पाहणी नंतर करायची असते. दोन-तीन दिवसांनी आपल्याच कार्डाचे विवरणपत्र उघडावे आणि तेथे कोणते नाव छापून आले आहे ते पाहावे.

नाव न ओळखल्यामुळे गेलेले पैसे

हे मी अनुभवातून शिकलो. आमच्या सुरुवातीच्या वर्षी पुण्याच्या एका गृहस्थांनी ४,२०० रुपयांचा माल मागवला. त्यांच्या क्रेडिट कार्डाच्या विवरणपत्रात आमच्या दुकानाच्या नावाऐवजी भावाचे पूर्ण नाव छापून आले. महिन्याभराने त्यांनी ते पाहिले, आपण या माणसाला कधी पैसे दिलेच नाहीत असे वाटून बँकेकडे तक्रार केली आणि आम्हाला चार्जबॅकची सूचना आली. उत्तरासाठी मोजकेच दिवस होते. माल पोहोचल्याची सही आम्ही कुरिअरवाल्याकडून घेतली नव्हती आणि माग काढण्याचे पान तोवर निघून गेले होते. गृहस्थांना फोन केला तेव्हा त्यांना आठवले, ते मनापासून दिलगीर झाले, पण तोवर निकाल लागला होता. काजू गेले आणि पैसेही गेले.

चार्जबॅक म्हणजे कार्डधारकाने बँकेमार्फत रक्कम परत मागणे. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत त्यासाठी बहुतेक कारणांना साधारण १२० दिवसांची मुदत असते. म्हणजे खात्यात जमा झालेली रक्कम चार महिने पूर्णपणे आपली झालेली नसते. त्यासाठी ऍग्रीगेटरला सांगून विवरणपत्रात दुकानाचे ओळखीचे नाव यावे अशी व्यवस्था करावी, आणि ते जमत नसेल तर पावतीवर ठळकपणे ‘आपल्या कार्डाच्या विवरणपत्रात अमुक नाव दिसेल’ असे लिहावे. प्रत्येक मागणीचा एक फोल्डर करून त्यात बिल, ग्राहकाशी झालेला संदेशव्यवहार, त्याने मान्य केलेल्या अटी, पाठवलेल्या पाकिटाचे छायाचित्र आणि पोहोच पावती ठेवावी. पोहोच पावतीचे छायाचित्र त्याच दिवशी काढावे. होमस्टेवाल्यांनी पाहुण्याची सही असलेले नोंदणी पान जोडावे. सूचना ज्या ईमेलवर येते तो ईमेल रोज उघडला जाणारा असावा.

परदेशी कार्डे

परदेशी कार्डांची सोय वेगळी मागून घ्यावी लागते आणि ती देताना ऍग्रीगेटर जास्त चौकशी करतात. अनेक परदेशी बँकांच्या कार्डांना आपल्यासारखा ओटीपी नसतो, त्यामुळे चोरीच्या कार्डाचा धोका येथे मोठा असतो. एक युक्ती होमस्टेवाल्यांना वारंवार भेटते : अनोळखी माणूस दहा दिवसांचे मोठे आरक्षण करतो, लगेच पैसे भरतो, दोन दिवसांनी घरात अडचण आल्याचे सांगून आरक्षण रद्द करतो आणि परतावा कार्डावर न करता दुसऱ्या बँक खात्यात किंवा यूपीआयवर मागतो. आपण तो दिला, की काही आठवड्यांनी कार्डाचा खरा मालक चार्जबॅक करतो आणि रक्कम दुसऱ्यांदा जाते. परतावा नेहमी मूळ कार्डावरच, डॅशबोर्डमधूनच करावा. कितीही विनवणी झाली तरी याला अपवाद करू नये. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी आणि ऍग्रीगेटरला लेखी कळवावे.

हिशेब जुळवणे

खात्यात २,४४१ रुपये आले म्हणून तेवढीच विक्री लिहिणे ही नेहमीची चूक आहे. विक्री २,५०० रुपयांची, गेटवेचा खर्च ५० रुपयांचा आणि कर ९ रुपयांचा, अशा तीन नोंदी कराव्यात. जीएसटीच्या नियमित योजनेत नोंदणी असल्यास त्या कराचे इनपुट क्रेडिट (आपल्याला भरायच्या करातून वजावट) मिळू शकते, त्यासाठी ऍग्रीगेटरच्या खात्यात आपला जीएसटी क्रमांक भरलेला असावा आणि दर महिन्याचे कर बीजक उतरवून घ्यावे. पाच-सहा मागण्यांचे पैसे एकाच रकमेत जमा होतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून ऍग्रीगेटरच्या सेटलमेंट अहवालातला यूटीआर क्रमांक (प्रत्येक जमेचा ओळख क्रमांक) बँकेच्या नोंदीशी आणि अहवालातली प्रत्येक मागणी आपल्या बिलाशी लावून पाहावी. आमच्याकडे हे काम शनिवारी दुपारी होते आणि त्याला अर्धा तासही लागत नाही. मार्चच्या शेवटी मात्र विशेष लक्ष द्यावे : ३० आणि ३१ मार्चला झालेल्या विक्रीचे पैसे एप्रिलमध्ये जमा होऊ शकतात, पण ती विक्री मार्चचीच असते, त्यामुळे त्या मागण्यांची यादी वेगळी काढून करसल्लागाराकडे द्यावी.